समुद्र नसलेल्या पुण्यात नौदलाचे अधिकारी का घडतात?

१/ पुण्याला समुद्र नाही. तरीही नौदलाच्या अनेक अधिकाऱ्यांचे लष्करी शिक्षण खडकवासल्याच्या जलाशयाकाठी, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सुरू होते. यामागचा विचार समजून घेण्यासाठी आधी विजयदुर्गाकडे वळू.

२/ फेब्रुवारी १७५६. वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या इंग्रज आरमाराने विजयदुर्गावर तोफा डागल्या आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून गेले. जमिनीच्या बाजूने इंग्रजांना साथ होती ती नानासाहेब पेशव्यांच्या फौजेची!

३/ तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरे. परंतु त्यांना वठणीवर आणताना मराठ्यांचे प्रबळ आरमारच नष्ट झाले. पुढे धुळपांनी पराक्रम गाजवला; तरी इंग्रजांचे सागरी वर्चस्व मोडण्याइतके बळ पुन्हा उभे राहिले नाही.

४/ स्वतंत्र भारताने वेगळी वाट धरली. १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडून येथे तिन्ही दलांच्या छात्रांचे एकत्र शिक्षण सुरू झाले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्यास कोनशिला बसवली. १९५५ च्या जानेवारीत प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन झाले.

५/ येथे तीन वर्षे, सहा सत्रे, भूदल, नौदल आणि हवाई दलाचे छात्र एकाच स्क्वाड्रनमध्ये राहतात. नौदलाचे छात्र जलाशयातील 'पीकॉक बे' येथे वल्ही आणि शिडे हाताळतात. त्यानंतर केरळातील एळिमला येथील नौदल अकादमी आणि मग प्रशिक्षण नौका. अभियांत्रिकी शाखेचे शिक्षण लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'वर होते.

६/ याचे फळ? डेहराडूनच्या पहिल्याच तुकडीतील रॉड्रिग्ज, रामदास आणि सुरी हे तिघे सहाध्यायी १९९१ मध्ये एकाच वेळी अनुक्रमे भूदल, नौदल आणि हवाई दलाचे प्रमुख होते.

७/ मात्र २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी समुद्रमार्गेच मुंबईत उतरले. नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस यांच्यात जबाबदारी विभागलेली होती. समन्वय तोकडा पडला. २००९ मध्ये एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे सोपवण्यात आली आणि संयुक्त कार्यवाही केंद्रे उभारण्यात आली.

८/ म्हणून आजच्या नौदल अधिकाऱ्याला युद्धनौकेइतकीच पोलीस ठाण्याची आणि कोळीवाड्याचीही ओळख हवी. खडकवासला तीन दलांना एकत्र बसवते. किनाऱ्यावरचे पोलीस आणि मच्छीमार त्या वर्गात नसतात. त्यांच्याशी नाते अधिकाऱ्याला नोकरीत उतरल्यावरच जोडावे लागते. विजयदुर्गाचा धडा तेथेही लागू आहे.