हलका डेस्कटॉप आणि देवनागरी : दिल्लीतील एका प्रयत्नाचा इतिहास



या पाठात आपण संगणकाच्या इतिहासातील एका छोट्या, पण महत्त्वाच्या प्रकरणाचा अभ्यास करणार आहोत. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावर चालणारा मुक्त स्रोत डेस्कटॉप आपल्या भाषेत आणायचा, तर नेमके काय काय बदलावे लागते? हे काम कोणी केले, आणि त्यातून काय उरले? आपले मुख्य ठिकाण दिल्ली आहे, पण गोष्टीचे धागे मुंबई, पुणे आणि चेन्नईपर्यंत जातात.

१. पार्श्वभूमी

२६ जानेवारी १९९९ रोजी दक्षिण दिल्लीतील कालकाजी येथे सुगत मित्र यांनी एनआयआयटी या संस्थेच्या आवाराच्या भिंतीत एक संगणक बसवला. भिंतीपलीकडे झोपडवस्ती होती. तिथली मुले कोणी न शिकवता तो हाताळू लागली. हा प्रयोग शिक्षणशास्त्रात पुष्कळ चर्चिला गेला. आपल्याला त्यातला एकच तपशील हवा आहे. पडद्यावरची सगळी भाषा इंग्रजी होती, तरी मुलांनी आपले शब्द तयार केले. कर्सरच्या बाणाला ती ‘सुई’ म्हणत आणि थांबायला सांगणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’.

हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे संगणकाची भाषा ठरवायला बसलेल्या जाणत्या माणसांना जो प्रश्न पडला, त्याचे एक उत्तर या मुलांनी आधीच दिले होते.

२. ‘सराय’ आणि दिल्लीतील वस्त्या

दिल्लीच्या राजपूर रोडवर विकासशील समाज अध्ययन केंद्र म्हणजेच सीएसडीएस ही संशोधनसंस्था आहे. तिथे २००० साली ‘सराय’ हा उपक्रम आकाराला आला. शहर, माध्यमे आणि तंत्रज्ञान हे त्याचे विषय होते. मुक्त सॉफ्टवेअर हा त्याच्या कामाचा कणा होता. ‘अंकुर’ या शिक्षणसंस्थेबरोबर सरायने २००१ पासून ‘सायबर मोहल्ला’ चालवला. मध्य दिल्लीतील एलएनजेपी वस्तीत ‘कम्प्यूघर’ नावाची छोटी प्रयोगशाळा उभी राहिली, पुढे दक्षिणपुरीतही काम सुरू झाले. वस्तीतील तरुण मुले-मुली स्वस्त संगणकांवर लिहीत, चित्रे करीत, आवाज ध्वनिमुद्रित करीत.

अशा ठिकाणी दोन अडचणी एकदम येतात. संगणक स्वस्त, म्हणून कमी मेमरीचा. आणि वापरणारा हिंदीत विचार करणारा. म्हणजे प्रणाली हलकीही हवी आणि देवनागरीही हवी. या दोन मागण्या एकमेकींच्या आड कशा येतात, ते आता पाहू.

३. लिपीचा भार

‘किती’ हा शब्द घ्या. साठवताना संगणक आधी ‘क’ ठेवतो, मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी ‘क’च्या आधी दिसायला हवी. ‘क्ष’, ‘त्र’ यांसारखी जोडाक्षरे जुळवावी लागतात. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. रोमन लिपीत बहुधा एकामागून एक अक्षर मांडले की काम होते. देवनागरीत मात्र मांडणीचे नियम जाणणारा एक वेगळा थर लागतो.

मराठीच्या आणखी काही खास गरजा आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक तुम्ही शाळेत शिकला आहात. एक गुरुजन, दुसरे स्वयंपाकी. जी प्रणाली हे दोन्ही शब्द एकाच प्रकारे दाखवते, ती मराठीसाठी अपुरीच. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते थेट २००८ साली. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, पण संकेतांक एकच. त्यामुळे हा फरक फॉन्टला सांभाळावा लागतो.

मुंबईच्या एनसीएसटी संस्थेने ‘इंडिक्स’ या प्रकल्पात ही क्षमता लिनक्सच्या एक्स विंडो या पायाभूत चित्रप्रणालीतच घालण्याचा प्रयत्न केला. टिकला तो मात्र दुसरा मार्ग. ‘पँगो’ नावाचे मजकूर-मांडणीचे ग्रंथालय तयार झाले आणि मार्च २००२ मध्ये आलेल्या जीटीके २.० या साधनसंचाने ते आपल्यात सामावून घेतले.

हलक्या डेस्कटॉपच्या दृष्टीने हा निर्णायक टप्पा ठरला. मेमरी वाचवण्यासाठी ज्या जुन्या हलक्या प्रणालींनी साधी फॉन्टव्यवस्था ठेवली होती, त्यांच्यावर देवनागरी मोडकी दिसे. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप सप्टेंबर २००३ मधील ४.० आवृत्तीपासून जीटीके २ वर आला. त्याच्या मेनूंना आता पँगोमुळे देवनागरी नीट मांडता येऊ लागली. हलकेपणा आणि लिपी यांची सांगड अशी एका सामायिक ग्रंथालयामुळे बसली. ते मुक्त परवान्याखाली नसते, तर प्रत्येक प्रकल्पाला हे काम पहिल्यापासून करावे लागले असते.

४. शब्द कोणाचे?

लिपी दिसू लागली, आता शब्द. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरची वाक्ये मूळ प्रोग्रॅमपासून वेगळी काढून ‘पीओ’ नावाच्या फाइलींत ठेवण्याची पद्धत आहे. एका ओळीत इंग्रजी वाक्य असते, खाली अनुवादासाठी जागा. त्यामुळे प्रोग्रॅमिंग न येणारा माणूसही हे काम करू शकतो.

पण संदर्भ तुटतो. ‘ओपन’ एवढेच समोर आले, तर त्याचे ‘उघडा’ करायचे की ‘उघडलेली’? आज्ञा आहे की अवस्था, हे त्या ओळीवरून कळत नाही. शिवाय शब्दांची निवड. कोशातला संस्कृतप्रचुर शब्द घ्यावा, बोलीतला घ्यावा, की इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहावा?

मुंबईत सुरू झालेल्या ‘इंडलिनक्स’ या स्वयंसेवी प्रकल्पातील जी. करुणाकर, रतलामचे रविशंकर श्रीवास्तव आणि सरायमधील रविकांत यांच्यासारख्यांनी हिंदीत या प्रश्नांशी झुंज घेतली. सरायने अशा कामासाठी आर्थिक आधार आणि बसायला जागा दिली. प्रोग्रॅमर आणि भाषेचे अभ्यासक एकत्र बसले, हे त्याचे वैशिष्ट्य. मराठीच्या बाजूने मुंबईत प्रा. जितेंद्र शाह यांच्या ‘इंडिकट्रान्स’ गटाने ‘गार्गी’ हा मुक्त देवनागरी फॉन्ट घडवला. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. या कंपनीच्या पुणे कार्यालयातही भारतीय भाषांचे बरेच काम झाले.

५. दोन प्रकारचा हलकेपणा

याच काळात, २००५ साली, मायक्रोसॉफ्टने भारतात विंडोज एक्सपीची हिंदी ‘स्टार्टर’ आवृत्ती आणली. ती स्वस्त होती, पण एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालवू देई. इथला साधेपणा बंधन घालून आणलेला होता. मुक्त डेस्कटॉप हलका होई तो नको असलेले भाग काढून टाकून, आणि काय काढायचे ते वापरणारा ठरवू शके. स्वस्त संगणकावरच्या माणसाला कमी द्यायचे, की त्याला स्वतः निवडू द्यायचे, हा या दोन मार्गांतला फरक आहे.

केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळावर सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात डेबियनवर आधारित ‘बॉस’ लिनक्स तयार झाले. त्याची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली. मार्च २०१५ मध्ये सरकारने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले.

६. मूल्यमापन

हा प्रयत्न यशस्वी झाला का? डेस्कटॉपपुरते पाहिले, तर उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीत नवी वाक्ये येतात. अनुवादक थकला की पडदा पुन्हा अर्धा इंग्रजी होतो. अनेकांना इंग्रजी मेनूची सवय आधीच लागली होती. नोकरीच्या ठिकाणी तोच दिसणार, हेही त्यांना ठाऊक होते. वस्त्यांचे भवितव्यही अनिश्चित होते. सायबर मोहल्ल्याचे काम चाललेली यमुनाकाठची नांगला माची वस्ती २००६ मध्ये पाडली गेली. सॉफ्टवेअर कितीही मुक्त असले, तरी संगणक ठेवायला घर लागते.

पण दुसरी बाजूही पाहा. युनिकोड देवनागरीचे मुक्त फॉन्ट राहिले. दोषांची नोंद करून ते दुरुस्त करणाऱ्यांची एक पिढी घडली. पँगो आणि तत्सम प्रकल्पांतील मांडणीच्या कामातून पुढे ‘हार्फबझ’ हे ग्रंथालय वाढले. ते आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्ये आहे. तुम्ही हा पाठ अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर ‘आचाऱ्यांना’ या शब्दातला तो अर्धा ‘र’ तुमच्यासमोर बहुधा तेच ग्रंथालय मांडत आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या फोनची भाषा एक दिवस मराठी करून पाहा. न कळलेले किंवा न पटलेले पाच शब्द लिहा आणि प्रत्येकाला तुमचा पर्याय सुचवा.

२. ‘डमरू’ हा शब्द अधिकृत अनुवादात घ्यावा का? दोन्ही बाजूंनी मांडणी करा.

३. लिपी नीट दिसणे आणि अनुवाद उपलब्ध असणे, यांपैकी कोणती गोष्ट अधिक टिकाऊ ठरली? पाठातील उदाहरणांच्या आधारे कारणे द्या.