लाइन : एका शब्दाचे अनेक प्रवेश

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर भंडारा शहर येण्याच्या थोडे आधी शहापूर लागते. या गावात आणि आसपासच्या परिसरात 'लाइन' हा शब्द दिवसभरात किती अर्थांनी कानी पडतो याची मोजदाद करू लागल्यास हाताची बोटे पुरत नाहीत. पहाटे लाइन आली म्हणून कोणी पंप सुरू करायला शेताकडे धावतो. कोणी रेशनच्या दुकानापुढे लाइनीत उभा असतो. शिपायाचे कुटुंब भंडाऱ्याला पोलीस लाइनीत राहते. रेल्वेने जायचे तर वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर, म्हणजे हावडा लाइनीवर जावे लागते. महामार्ग 'फोरलाइन' झाला असे सांगताना 'लेन' आणि 'लाइन' हे इंग्रजीतले दोन निराळे शब्द एकमेकांत मिसळून जातात. मुलाने शिक्षण सोडून दुसरी लाइन धरली, वाया गेलेला पोरगा लाइनीवर आला, अमुक तमुकीवर लाइन मारतो, ही वाक्येही याच गावची.

एका परक्या शब्दाला इतके अर्थ कसे चिकटले, असा प्रश्न मराठीच्या अध्यापकाला पडणे स्वाभाविक आहे. इंग्रजीतच या शब्दाला पुष्कळ अर्थ आहेत आणि ते सगळे आपण उचलले, हे सोपे उत्तर होय. परंतु ते खरे नाही. वीज गेली असता इंग्रज 'लाइन गेली' असे म्हणत नाही. माणसांच्या रांगेलाही तो 'क्यू' म्हणतो. लाइन म्हणतात ते अमेरिकेत. तेव्हा हा शब्द आपल्याकडे अर्थांचे गाठोडे घेऊन एकदाच आला असे नसून, तो वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या दारांनी पुनःपुन्हा आला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. ही दारे शब्दकोशाची नव्हती. ती छावणीची, स्टेशनाची, वीज मंडळाची आणि शिधावाटपाची होती.

पहिले दार लष्करी होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या निवाऱ्यांच्या ओळींना 'लाइन्स' म्हणत. मुंबईतील मरीन लाइन्स हे नाव अशाच एका पलटणीच्या निवासावरून पडले. शिपायांपासून वेगळ्या, मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. नागपुरात आजही सिव्हिल लाइन्स आहे आणि पोलीस लाइन टाकळीही आहे. या दोन नावांतील व्याकरणाचा भेद पाहण्यासारखा आहे. साहेबांच्या वस्तीने आपले इंग्रजी अनेकवचन अद्याप जपले आहे. शिपायांच्या वस्तीने मात्र ते केव्हाच टाकून दिले. जिथे सामान्य माणसे राहिली तिथे शब्द मराठी झाला.

जुन्या मराठीत 'लैन' आणि 'लैनडोरी' ही रूपेही भेटतात. लैनडोरी म्हणजे लांबच लांब रांग. या जोडशब्दाचे उत्तरपद पूर्वपदाचा अर्थच जणू उलगडून सांगते, आणि तेही अचूक. कारण 'लाइन' शब्दाचे मूळ लॅटिन 'लिनिया', म्हणजे तागाच्या जातीच्या धाग्याची दोरी. आणि लिनिया आला 'लिनम'पासून. लिनम म्हणजे आपले जवस. वनस्पतिशास्त्रात जवसाला 'लायनम युसिटॅटिसिमम' म्हणतात. त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थ 'अत्यंत उपयोगी'. युरोपात जवसाच्या खोडाचा धागा काढून दोर वळले, कापड विणले. झाडीपट्टीत धान उभे असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोळी, जवस फेकून पेरण्याची उतेरा पद्धत आहे. पण आपण जवसाचे तेल काढले, चटणी केली, धाग्याकडे वळलो नाही. पीक शेतातलेच, पण त्याच्या धाग्यापासून झालेला शब्द मात्र आपल्याकडे जग फिरून आला.

दुसरे दार रेल्वेचे. मुंबईकडून येणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढे छत्तीसगडच्या दिशेने मीटरगेज मार्ग पडला आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो रुंद करून पूर्वेकडे नेला. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून जबलपूरकडे नॅरोगेज निघाली. तेव्हापासून या भागात 'मोठी लाइन' आणि 'छोटी लाइन' असे दोन शब्द रूढ झाले. छोट्या लाइनींचे रुंदीकरण होऊन गेले तरी जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून आहेत. 'लाइन क्लिअर' ही रेल्वेची परिभाषा तर सर्व महाराष्ट्रभर पसरली. पुढच्या स्टेशनाने मार्ग मोकळा असल्याची ग्वाही दिल्याखेरीज गाडी सोडायची नाही, हा तिचा मूळ अर्थ. आज लग्न ठरण्यातली अडचण दूर झाली तरी 'लाइन क्लिअर' म्हणतात.

तिसरे दार खिडकीचे. तिकिटाच्या, पोस्टाच्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आलेल्या शिधावाटपाच्या. येथे आक्षेप घेता येईल की आपल्याकडे रांग होती, ओळ होती, पंक्ती होती. मग लाइन कशाला? पण पंक्तीचा इतिहास आठवावा. कोणी कोणाच्या शेजारी बसायचे हे तेथे जन्माने ठरे. पंक्तिपावन आणि पंक्तिभेद हे शब्द उगाच घडले नाहीत. तिकिटाच्या खिडकीपुढील क्रम मात्र, निदान तत्त्वतः, जो आधी येईल त्याचा होता. प्रत्यक्षात तो क्रम मोडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. परंतु 'लाइनीत या' असे अनोळखी माणसाला, मग तो कोणी का असेना, ठणकावून सांगता येणे ही या समाजातली लहान गोष्ट नव्हती. पंक्तीत बसलेल्याला असे सांगण्याची सोय नव्हती.

चौथे दार विजेचे, आणि झाडीपट्टीच्या दृष्टीने सर्वांत मोठे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. २००५ मध्ये त्याचे विभाजन होऊन महावितरण आली. पश्चिम महाराष्ट्रात 'लाइट' जाते, शहरी लेखनात 'वीज' जाते. विदर्भात 'लाइन' जाते. हा भेद केवळ बोलीचा नव्हे. लाइट म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घरातला दिवा असतो. लाइन म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खांबावरून दुरून येणारा आणि कधीही न येणारा प्रवाह असतो. 'तार' हा शब्द त्याला माहीत नाही असे नाही. पण तार खांबावर तशीच असते. जाते ती लाइन. उन्हाळी धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या पंपाला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळते, तेव्हा 'रातची लाइन' या दोन शब्दांत विंचूकाट्याचे, रानडुकराचे भय आणि झोपेचे खोबरे सामावलेले असते. 'रात्रकालीन वीजपुरवठा' या शब्दप्रयोगात यातले काहीही नाही.

आता हे सर्व अर्थ एकत्र ठेवून पाहावेत. मराठीतील रेषा विभागते: लक्ष्मणरेषा, दारिद्र्यरेषा, नियंत्रणरेषा. ओळ जुळवते: अक्षरांची, रोवलेल्या धानाची. रांग उभी राहते. लाइन मात्र या तिघींहून वेगळी आहे. तिला नेहमी दुसरे टोक असते आणि त्या टोकाला निर्णय घेणारा कोणीतरी बसलेला असतो. घर देणारा अधिकारी, सिग्नल देणारा स्टेशनमास्तर, खिडकीआडचा कारकून, उपकेंद्रातला कर्मचारी. लाइन मारणाऱ्या तरुणाची गतही निराळी नाही. निकाल पलीकडच्या टोकालाच लागतो. इंग्रजीत नसलेला हा एकसूत्री अर्थ दीडदोनशे वर्षांच्या अनुभवातून आपल्या लोकांनी या शब्दाला दिला. शब्द परका, अर्थ इथल्या मातीतला. त्याने ओळ, रांग, रेषा, दोरी यांच्यासारखे स्त्रीलिंगही घेतले आणि 'लायनी' असे अनेकवचनही.

म्हणून 'लाइन गेली' या वाक्याखाली वर्गात लाल रेघ ओढण्यापूर्वी थांबले पाहिजे. शुद्धीकरणाच्या हेतूने यातील प्रत्येक लाइनीला स्वतंत्र प्रतिशब्द देता येईल: वसाहत, लोहमार्ग, रांग, वीजपुरवठा, व्यवसाय. ते सर्व निर्दोष आहेत. पण ते वापरताच या गोष्टींमधले नाते पुसले जाते, आणि ते नाते हाच तर इतिहास आहे. महावितरणने लाइनमनला 'जनमित्र' हे गोड नाव दिले. बातम्यांत ते येते. रोहित्र जळाल्यावर मात्र गाव लाइनमनलाच हाक मारते.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आणली. ज्याच्या बांधावर असा पंप बसतो त्याच्या शेतात सूर्य उगवला की पाणी येते; दुसऱ्या टोकाला कोणी बसलेला नसतो. तो शेतकरी उद्या काय म्हणेल? लाइन आली असेच म्हणेल, की हा शब्द त्या शेतापुरता मावळेल? मराठीच्या अध्यापकाने या प्रश्नाचे उत्तर कोशात शोधू नये. ते भंडाऱ्याच्या बांधावर, उन्हाळी धानाच्या दिवसांत, कान देऊन ऐकावे.