अंगणातली शाळा

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. धाकटी साडेतीन वर्षांची असताना ‘हिला आपण काय शिकवणार?’ असे मला वाटे. ती स्वयंपाकघरात आली की, ‘मध्ये मध्ये करू नकोस’ म्हणून मी तिला बाहेर घालवीत असे. पुढे ताराबाई मोडक यांची हकीकत वाचली आणि माझी मलाच लाज वाटली.

ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. मादाम माँटेसरींची पद्धत त्यांना पटली होती; पण तिची साधने महाग, खेड्याला न परवडणारी. म्हणून १९४५ साली बोर्डीला काम सुरू झाल्यावर त्यांनी व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने, माती यांचीच साधने केली. गरिबांची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या वस्तीतील अंगणात नेली. तीच अंगणवाडी! १९७५ साली सरकारी योजनेने हेच नाव घेतले आणि ते देशभर गेले.

मनात आले, ही साधने तर आपल्या घरातच आहेत. दुसऱ्या दिवशी धाकटीपुढे वाल आणि चवळी मिसळून ठेवली. तिने दाणे निवडले, मोजले. रात्री माणशी एक वाटी मांडताना, ‘आई, एक कमी आहे’ असे तिनेच सांगितले. तेवढे गणित सातवीवालीलाही शिकवता येते!

लहानग्यांना स्वयंपाकघरातून घालवू नका, एवढीच विनंती.