नदीकाठची वाट कुणाची?

आपण बायका दिवसभरात किती चालतो, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. शेतात जातो, पाण्याला जातो, दळणाला जातो, गटाच्या बैठकीला जातो. पण डोक्यावर ओझं नाही, हातात पिशवी नाही आणि नुसतंच चालायला निघालोय, असं कितीजणींच्या वाट्याला येतं? आज या चालण्याविषयी बोलू. त्यासाठी गोदावरीच्या काठानं थोडं मागं, इतिहासातही जाऊ.

आम्ही पोखर्णीच्या. आमच्याकडं नृसिंहाचं देऊळ आहे, रेल्वेचं स्टेशन आहे. गोदावरी मात्र पुढं गंगाखेडला भेटते. हीच नदी जिथं उगम पावते, त्या त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला गटातल्या आम्ही सात जणी परभणीहून तपोवन एक्सप्रेसनं नाशिकला गेलो. या गाडीला नाव मिळालं तेही नाशिकच्या गोदाकाठच्या तपोवनावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदापार्कात गेलो. नदीच्या कडेनं फरशी घातलेली सपाट वाट, बाजूला झाडं, मधे मधे बसायला बाकडी. बायका दोघी-दोघीनं, गप्पा मारत चालत होत्या. आमच्यातल्या एक मावशी गुडघेदुखीच्या. त्यांनी एकीला विचारलं, "ही वाट कुठं जाती, बाई?" ती हसून म्हणाली, "कुठं नाही मावशी, चालायलाच आहे." मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्याकडं असं निघालं, तर दहा जण विचारतील, कुठं चाललाव?"

तिथून नदीच्या खालच्या अंगाला रामकुंड आहे. नदीकाठची वाट ही काही आजची गोष्ट नाही. जुन्या काळी तिला घाट म्हणत. काठाला चिखल असतो, पाय घसरतो. म्हणून दगडी पायऱ्या बांधल्या, की म्हातारं माणूस, लेकुरवाळी बाई पाण्यापर्यंत नीट जाऊ शकते. रामकुंड १६९६ साली चित्रराव खटावकरांनी बांधलं. पुढं त्याची दुरुस्ती केली गोपिकाबाईंनी. त्या नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, थोरल्या माधवरावांच्या आई.

घाट म्हटलं की अहिल्यादेवी होळकर आठवतातच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीची ही लेक. १७६७ पासून १७९५ पर्यंत तिनं राज्य चालवलं. नर्मदेकाठी महेश्वरला घाट बांधले आणि काशीला गंगेवर आजही अहिल्याबाई घाट आहे. म्हणजे बायकांनी नदीकाठी नुसती धुणी धुतली नाहीत, नदीकाठ बांधलेसुद्धा.

पण दगड बसवला म्हणजे वाट सगळ्यांची होते, असं नाही. रामकुंडापासून थोड्याच अंतरावर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. मोठी मिरवणूक देवळापाशी आली, तर दरवाजे बंद. मग लोक गोदावरीच्या घाटावर गेले आणि तिथंच सभा भरली. दुसऱ्या दिवशी दरवाजांवर जी पहिली तुकडी बसली, तिच्यात १२५ पुरुष होते आणि २५ बाया होत्या. मैत्रिणींनो, त्या काळी घर सोडून, पोलिसांसमोर, बंद दाराशी बसायला किती धीर लागला असेल, याचा विचार करा. सत्याग्रह कितीतरी वर्षं चालला. देऊळ खुलं व्हायला पुढं कायदा यावा लागला.

घाटावर उभं राहून आम्ही हेच बोलत होतो. पायाखालचा दगड कुणीतरी बसवला. त्या दगडावर सगळ्यांना पाय ठेवता यावा, म्हणून आणखी कुणीतरी झगडलं. आज आपल्याला तिथं कुणी अडवत नाही. मग आपल्याच गावात चालायला आपण का बिचकतो?

परत आल्यावर आम्ही गंगाखेडला गेलो. संत जनाबाईंचं हे जन्मगाव. लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली, आयुष्यभर दळण-कांडण केलं आणि ते करता करता अभंग रचले. नामदेवांची दासी म्हणून राबली, तरी तिचं नाव राहिलं. तिच्या गावच्या घाटावर आम्ही थोडं चाललो, पायरीवर बसलो. मावशींनी पाण्यात पाय सोडले. काम काहीच नव्हतं, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वाट पक्की करायची, नदी नाही. नाशिकला कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं. त्यानं झरे बुजले, अशी तक्रार घेऊन तिथली माणसं कोर्टात गेली. काठावर फरशी असावी, पण पाण्याला जमिनीत मुरायला जागा राहावी आणि झाडं जागच्या जागी राहावीत.

आता आपलं काय? प्रत्येक गावाला नदी नसते. पण देवळापासून शाळेपर्यंत, नाहीतर तळ्याच्या कडेनं एखादा सपाट तुकडा असतोच. तिथं खड्डे बुजवले, दोन दिवे लावले, लिंबाखाली एक बाकडं ठेवलं, तरी आपली वाट तयार होते. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी, असा कायदा आहे. आम्ही आमची मागणी लिहून ठेवली आहे, येत्या सभेत मांडणार आहोत. तुम्हीही मांडा.

आणि सभा होईपर्यंत थांबू नका. बचतीच्या बैठकीनंतर दोघी-तिघी मिळून अर्धा तास चाला. कुणी विचारलं, "कुठं चाललाव?" तर सांगा, "कुठं नाही, चालायलाच निघालोय."