सौदापट्टी, काटापट्टी, हिशेबपट्टी

मोटारगाड्यांचा कारखाना अमरावतीत नाही, अकोल्यातही नाही. त्यामुळे मोटार-उद्योगातली खरेदी आणि ती सांभाळणारी ‘ईआरपी’ नावाची संगणक-प्रणाली यांच्या इतिहासात वऱ्हाडाचे नाव कोणी घेत नाही. मी मूळचा अकोल्याचा. नोकरी मात्र पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात झाली. निवृत्तीनंतर वऱ्हाडच्या कापूस-बाजाराविषयी जुने काही वाचू लागलो, तेव्हा लक्षात आले की संगणकाने आमच्या विभागात जो प्रश्न हाती घेतला, तोच आमच्या मुलखात सव्वाशे वर्षांपूर्वी कायद्याने सोडवून पाहिला गेला होता. प्रश्न साधा आहे. ठरलेला माल, आलेला माल आणि ज्याचे पैसे मागितले तो माल, हे तिन्ही एकच आहेत हे कोणी आणि कशावरून ठरवायचे?

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकन यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडी कापसाला एकाएकी मागणी आली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या शाखा-मार्गाच्या उद्घाटनाला आले. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. रॅली ब्रदर्स, फोल्कार्ट ब्रदर्स यांसारख्या परदेशी पेढ्या वऱ्हाडात खरेदीला उतरल्या.

या तारेचा अर्थ खरेदीच्या भाषेत समजून घ्यायला हवा. लिव्हरपूलचा भाव आता पेढीच्या माणसाच्या खिशात होता. रात्रभर बैल हाकून पहाटे बाजारात पोचलेल्या शेतकऱ्याला मात्र शेजारच्या गाडीचा भावही कळत नसे, कारण सौदा व्हायचा ‘हत्ता’ पद्धतीने. रुमालाखाली दलाल आणि व्यापारी एकमेकांची बोटे दाबत आणि ज्याचा माल, तो बाजूला उभा राहून दोघांच्या चेहऱ्याकडे पाहत असे. भाव ठरला तरी भागत नसे. वजनात ‘कडता’ कापला जाई, नमुन्याच्या नावाखाली कापूस जाई, धर्मादायाच्या नावाने पैसे वळते होत. गाडी जिनात रिकामी होऊ लागली, की तळचा कापूस ओला आहे असे सांगून ठरलेला भाव पुन्हा तोडला जाई. गाडी अर्धी उलटलेली, बैल सुटलेले. अशा वेळी शेतकरी माल परत नेणार कसा?

१८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला असा पहिला बाजार म्हणून त्याची नोंद केली जाते. (कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे.) पुढे १८९७ मध्ये ‘बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ’ आला. बाजाराची जागा ठरली, बाजार चालवायला समिती आली, दलाल आणि मापारी यांना परवाना लागू झाला. मला या कायद्यातले महत्त्वाचे तत्त्व वाटते ते असे: भाव बोलणारा, वजन करणारा आणि पैसे देणारा हे एकाच मुठीतले नसावेत. पुढच्या काळात महाराष्ट्रातल्या बाजार समित्यांत जी कागदपत्रे रूढ झाली त्यांत हे तत्त्व स्पष्ट दिसते. भाव ठरला की सौदापट्टी, वजन झाले की काटापट्टी आणि शेवटी चुकाऱ्यासाठी हिशेबपट्टी. तिन्ही पट्ट्या जुळल्या तर व्यवहार चोख. एक जरी जुळली नाही, तर तक्रार कुठे करायची हे तरी कळते.

आता थेट अमेरिकेत, फोर्ड कंपनीच्या हिशेब खात्यात जाऊ. १९८० च्या दशकात फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या कारभारात पुरवठादारांची बिले चुकवायला ५०० हून अधिक माणसे होती. ज्या जपानी माझ्दा कंपनीत फोर्डची भागीदारी होती, तिथे हेच काम ५ जण करत. माझ्दा लहान कंपनी, हे धरूनही हा फरक फार होता. मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ही हकिकत मांडली आणि ती व्यवस्थापन-शास्त्रात गाजली. ही माणसे दिवसभर करत काय होती? खरेदीचा हुकूम, माल आल्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल, हे तीन कागद जुळवत होती. चौदा बाबी ताडून पाहायच्या. त्या जुळल्या नाहीत की पत्रव्यवहार, आणि पत्रव्यवहार संपेपर्यंत पैसे अडकलेले. फोर्डने हुकूम एका सामाईक संगणकीय नोंदवहीत घातला. माल दारात आला की तिथलाच कारकून पडद्यावर हुकूम पाही. माल हुकमाप्रमाणे असेल तर स्वीकारायचा, नसेल तर परत पाठवायचा. चौदा बाबींच्या तीन राहिल्या, बिलाची गरजच उरली नाही आणि खात्यातली माणसे तीन-चतुर्थांशाने कमी झाली. जुना नियम होता, बिल आले की पैसे. नवा नियम झाला, माल आला की पैसे. वऱ्हाडी भाषेत सांगायचे तर काटा झाला की चुकारा.

ईआरपीचा खरेदीतला पहिला फायदा हाच आहे. पण बैलगाडीच्या बाजारात नव्हती अशी आणखी एक गोष्ट मोटार-कारखान्यात असते. कापूस खरीदणारा समोर येईल ती गाडी घेतो. मोटार बनवणाऱ्याला मात्र कोणता सुटा भाग, किती आणि कधी लागेल हे आधी काढता येते. आयबीएममधले जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात हे गणित संगणकावर मांडले आणि १९७५ च्या त्यांच्या पुस्तकाने ते जगभर पसरले. समजा, पुढच्या आठवड्यात २०० गाड्या बनवायच्या आहेत. जादा चाक धरून गाडीला पाच चाके, म्हणजे गरज १००० चाकांची. कोठारात ३०० आहेत, ४०० वाटेवर आहेत. तेव्हा मागवायची ३००, आणि तीही पुरवठादाराला लागणारे दिवस मागे मोजून. एका चाकाचे हे गणित शाळेतला मुलगा करील. गाडीच्या हजारो भागांचे, रोज बदलणाऱ्या योजनेप्रमाणे, वहीत करणे कोणालाही शक्य नाही. १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी जर्मनीत सॅप ही कंपनी काढली. त्यांची ‘आर-थ्री’ प्रणाली १९९२ मध्ये आली. उत्पादन, कोठार, खरेदी आणि हिशेब यांची एकच वही करणाऱ्या अशा प्रणालींना १९९० पासून ईआरपी हे नाव मिळाले.

महाराष्ट्रात या गोष्टीला अनुकूल वेळ होती. टेल्कोचा पुण्याचा कारखाना १९६० च्या दशकात सुमंत मूळगावकर यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. १९९८ च्या अखेरीस याच कंपनीची इंडिका आली आणि संपूर्ण गाडीचे सुटे भाग देशातल्या पुरवठादारांकडून वेळेवर आणणे हा पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरातला रोजचा उद्योग झाला. टाटा, महिंद्र यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी पुढे सॅपची प्रणाली स्वीकारली.

आमच्या कारखान्यात प्रणाली येण्यापूर्वी एकच बोल्ट दोन विभाग दोन भावांनी घेत आणि कोणाला पत्ता नसे. प्रणाली आल्यावर दोन्ही भाव एका पडद्यावर शेजारी शेजारी दिसू लागले. खरेदी एकत्र झाली आणि भाव उतरला. कोणाचा माल वेळेवर येतो, कोणाचा किती नापास होतो, हे साहेबाच्या मर्जीवर न राहता आकड्यांत दिसू लागले. सदोष भाग सापडला तर तो कोणत्या लॉटचा आणि कोणत्या गाड्यांत बसला, हे शोधता येऊ लागले. कोठारात पडून राहणारा पैसा कमी झाला. रुमाल बाजूला झाला, एवढे श्रेय मी त्या प्रणालीला निःसंशय देतो.

मात्र वही एक झाली म्हणून ती खरी होत नाही. एकदा पडद्यावर एका ब्रॅकेटचे ६०० नग दिसत होते आणि खणात एकही नव्हता. नापास झालेला माल परत गेला होता, पण त्याची नोंद कोणी केली नव्हती. संगणकाच्या हिशेबाने गरज शून्य, म्हणून त्याने मागणी काढलीच नाही आणि सकाळी लाइन थांबली. दोष पुरवठादारावर ढकलला गेला. त्याच्याकडे त्याचे चलन होते. आमचा पडदा त्याला दिसत नव्हता. त्याने चलन दाखवले तेव्हा आमची चूक उघड झाली. ज्याच्याकडे वही, त्याचेच म्हणणे आधी खरे धरले जाते, हे मी त्या दिवशी शिकलो.

वऱ्हाडच्या बाजाराचा पुढचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १८९७ च्या कायद्याने बाजाराला शिस्त आली, पण समित्यांवर वर्चस्व राहिले ते व्यापाऱ्यांचे. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना समितीत जागा देण्याचे पाऊल उचलले. १९२८ मध्ये लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेती आयोगाने नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला, पण वऱ्हाडी पद्धतीतली ही उणीवही दाखवली. म्हणजे काटा खरा असणे ही पहिली पायरी होती. काट्यावर विकणाऱ्याचीही नजर असणे ही दुसरी, आणि त्या दोन पायऱ्यांमध्ये वऱ्हाडची एक पिढी गेली.

मोटार-उद्योगातला लहान पुरवठादार आज या दोन पायऱ्यांच्या मध्ये उभा आहे. भोसरीच्या गाळ्यात चार यंत्रे चालवणाऱ्याने दिलेला माल कारखान्याच्या दारात कोणत्या मिनिटाला आला, हे प्रणालीला ठाऊक असते. तरीही त्याचे पैसे साठ-नव्वद दिवस राहू शकतात. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याने लहान उद्योगांचे पैसे देण्याची कमाल मुदत ४५ दिवसांची घातली. तेवढ्याने भागले नाही, म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात तरतूद केली: सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च म्हणून वजा मिळणार नाही. तीन कागद एका क्षणात जुळवणारे यंत्र असताना पैशांसाठी असा कायदा करावा लागतो, याचा अर्थ उशीर यंत्रात नाही. तो प्रणालीत मुदतीचा आकडा भरणाऱ्या हातात आहे.

म्हणून ईआरपीचे फायदे मोजताना मी खरेदीदाराच्या बचतीवर थांबत नाही. तिथे बचत होते, यात वाद नाही. कारखान्याची पट्टी पुरवठादाराला त्याच्या पडद्यावर त्याच दिवशी दिसते का, नापास मालाचे कारण त्याला लेखी कळते का आणि माल स्वीकारल्याच्या तारखेपासून त्याचा चुकारा धावू लागतो का, हे तीन प्रश्न मी विचारतो. आता काही कारखान्यांनी पुरवठादारांसाठी संकेतस्थळे उघडली आहेत. तिथे या प्रश्नांची उत्तरे मिळू लागली आहेत.

अमरावती-अकोल्याची अभियांत्रिकी शिकलेली कितीतरी मुले आज चाकण-रांजणगावच्या खरेदी विभागांत बसून हीच बटणे दाबतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी कापूस पिकतो, आणि काटा झाल्यावर चुकाऱ्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको. पडद्यावर एखाद्या पुरवठादाराचे बिल अडकलेले दिसले, तर त्यांनी ते एकदा उघडून पाहावे.