वरचा पाणवठा, खालचा पाणवठा

नदीच्या इतिहासात जात शोधायची असेल तर पाणवठे पाहावेत. वरच्या अंगाचा पाणवठा सवर्णांचा, खालच्या अंगाचा आमचा, हा गावोगावचा रिवाज होता. वरच्याने विटाळलेले खालच्याने प्यायचे. तरी विटाळ मात्र खालच्याचा!

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर हा रिवाज मोडला. त्या लढ्यावर आपण पुष्कळ लिहिले. पुढे त्यांनी नदीचा जो विचार केला, त्याकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. १९४३ च्या दामोदरच्या पुरानंतर केंद्र, बंगाल आणि बिहार यांचे प्रतिनिधी ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यास त्यांच्या अध्यक्षतेखाली एकत्र बसले. नदी प्रांताची सीमा जुमानत नाही; सबंध खोरे एक धरूनच योजना आखली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला.

कोपरीच्या खाडीकाठी उभा राहिलो की मला हा विचार आठवतो. उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करीत ठाण्याकडे येते आणि तिचा एक फाटा आमच्या या खाडीला मिळतो. अंबरनाथ, उल्हासनगरची घाण घेऊन वालधुनी तिला कल्याणजवळ मिळते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर वालधुनीत चोरून ओतलेल्या रसायनाने उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले. जलप्रदूषणाचा कायदा तर १९७४ पासून आहे!

मग अडते कोठे? नगरपरिषदा वेगळ्या, महापालिका वेगळ्या, औद्योगिक वसाहती वेगळ्या. आपल्या हद्दीबाहेर घाण ढकलली की आपण शुद्ध, ही तर सोवळ्याचीच रीत! महारवाडा गावाबाहेर ठेवणारे मन आणि सांडपाणी हद्दीबाहेर सोडणारे मन मला निराळे वाटत नाही.

म्हणून उल्हास खोऱ्याची योजना एकत्र बसूनच व्हावी. पण एकत्र म्हणजे केवळ अधिकारी आणि कारखानदार नव्हेत. नाल्याकाठच्या झोपडपट्टीतला रहिवासी, मासळी गमावलेला कोळी, गटारात उतरणारा सफाई कामगार यांनाही त्या बैठकीत मत हवे. नदीत काय सोडले जाते, हे त्यांना अंगावर भोगून ठाऊक आहे.

महाडला आपण पाण्याला हात लावण्याचा हक्क घेतला. त्या पाण्यात काय सोडायचे नाही, हे ठरविण्याचा हक्क अजून घ्यायचा आहे.