क्रीम, आकाशी आणि गंज

‘ड्युको मारून घ्या’ हे वाक्य आपल्याकडे सुतारही म्हणतो आणि गॅरेजवालाही. कपाट असो वा गाडी, फवाऱ्याने मारलेला गुळगुळीत रंग म्हणजे ड्युको. मुळात हे एका कंपनीच्या रंगाचं नाव. अमेरिकेतल्या ड्युपाँट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तो १९२३ मध्ये आणला. त्याआधी गाडी रंगवायची म्हणजे वॉर्निशचे थर द्यायचे, वाळवायचे, घासायचे. त्यात आठवडेच्या आठवडे जायचे. फोर्डची मॉडेल टी तर १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. ड्युको भराभर वाळायचा आणि हव्या त्या रंगात मिळायचा. तेव्हापासून गाडीचा रंग ही आवडीची गोष्ट झाली. आवड आली की वाद आलेच.

आमच्या घरात सध्या असाच वाद चालू आहे. रेवदंड्याला आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत उभी असलेली १९७४ ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रंगवायची की नाही?

कुर्ल्याची इटालियन

पद्मिनीची गोष्ट सोलापूरच्या वालचंद हिराचंदांपासून सुरू होते. १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. पाणी, आकाश, रस्ता असे तिन्ही मार्ग या माणसाने धरले. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जुळवल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातल्या गोलमटोल फियाटला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असं नाव ठेवलं, तेही प्रेमाने. १९६४ मध्ये कडा असलेली, चौकोनी वळणाची ‘डिलाइट’ आली. तीच पुढे थोडा काळ ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगखालच्या दांड्यावर. नावं बदलली, पण लोक शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले.

इटलीत हे मॉडेल साठच्या दशकातच मागे पडलं. आपल्याकडे परवान्यांचं राज्य होतं, नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची आणि निवड दोन-तीन गाड्यांतच करायची होती. त्यामुळे कुर्ल्यात ती पुढे तीसेक वर्षं बनत राहिली. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

आमची मात्र टॅक्सी नव्हती. आजोबांनी ती घेतली तेव्हा आमचा जिल्हा अजून कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. तेव्हा गावातली माणसं मुंबईला जायची ती रेवसहून लाँचने, भाऊच्या धक्क्यावर. गाडीला मात्र वडखळ, पेण, पनवेल असा वळसा घ्यावा लागायचा. समुद्रमार्गे गाडी मुंबईला न्यायला मांडव्याची रो-रो यावी लागली, म्हणजे थेट २०२० साल.

खारा वारा

समुद्र मात्र गाडीकडे रोज येत होता. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो. पाण्यात मीठ मिसळलं की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याचा वेग वाढतो. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा वाहतो. वरचा रंग नुसता फिका पडतो. खरा गंज लागतो तो न दिसणाऱ्या जागी: दाराच्या तळाशी, मडगार्डच्या आत, पायाखालच्या पत्र्यात.

इथे एक तांत्रिक गोष्ट महत्त्वाची आहे. जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते, तिच्यावर बॉडी बसवलेली असते. फियाटने १९५३ च्या ११०० पासून ती पद्धत सोडली. पद्मिनीतही पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दाराखालची पट्टी सडली तर नुसतं रूप जात नाही, गाडीचा कणा जातो. आमच्या मेस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरने तिथे टोचून दाखवलं. तो आरपार गेला. “वर कितीही ड्युको मारा,” ते म्हणाले, “दोन पावसाळ्यांत फोड येतील. आत मीठ बसलंय.”

कुठला रंग खरा?

समजा पत्रा दुरुस्त केला. मग रंग कुठला? कारखान्यातून ही गाडी क्रीम रंगात आली. १९८८ मध्ये आजोबांनी ती आकाशी करून घेतली. आरसी बुकात रंगाची नोंद असते, तो बदलला तर आरटीओला कळवावं लागतं. आमच्या जुन्या बुकात ‘क्रीम’वर एक रेघ आणि बाजूला शाईने लिहिलेला नवा रंग आहे. डिकीच्या रबराखाली अजून क्रीम दिसतो. बाबांना तोच परत हवा आहे, कारण लहानपणी ते ज्या गाडीत बसले ती क्रीम होती. आई म्हणते, “मी या घरात आले ती आकाशी गाडीतून. गाडी शिकले तीही हीच.” टपावर एक पोचा आहे, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पोफळ पडली त्याचा. चुलतभावाचं मत सोपं आहे: सगळं काढा, मेटॅलिक मारा.

हाच प्रश्न जगभरच्या जुन्या इमारतींपुढेही होता. १९६४ मध्ये, म्हणजे डिलाइट आली त्याच वर्षी, व्हेनिसमध्ये वास्तुजतनाची एक सनद तयार झाली. तिच्यातली दोन तत्त्वं मला इथे उपयोगी वाटतात. एक, जिथून अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबवावी. दोन, वास्तूवर प्रत्येक काळाने जी मोलाची भर घातली तिचा मान राखावा. सगळं एकाच काळातलं दिसावं हे दुरुस्तीचं ध्येय नव्हे. याच सनदेच्या धर्तीवर जुन्या वाहनांसाठीही पुढे एक सनद झाली. तिचं नाव ट्यूरिन चार्टर. ट्यूरिन म्हणजे फियाटचंच गाव.

या हिशेबाने आजोबांचा आकाशी रंग हा मूळ गाडीवरचा डाग ठरत नाही. तोही इतिहास आहे आणि आता क्रीमपेक्षा जास्त वर्षांचा आहे.

पण सनद डोळे मिटून पाळायची तर गाडी अवशेष होते. आमच्या गावात दोन्ही नमुने आहेत. रेवदंड्याच्या किल्ल्यातला पोर्तुगीजकालीन सातखणी मनोरा जसा उरला तसा पाहायला आपण जातो. त्याला कुणी नवा गिलावा करा म्हणत नाही. आणि त्याच किनाऱ्यावर कोळी बांधव मासेमारी बंदीच्या काळात होड्या ओढून घेतात, डागडुजी करतात, रंगवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. रंग ताजा म्हणून होडी खोटी ठरत नाही. ती समुद्रात जाते, म्हणून तिला रंग लागतो.

तेव्हा खरा प्रश्न असा की आमची फियाट मनोरा आहे की होडी?

कायद्यानेही हाच प्रश्न विचारला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क वीस हजार, वेगळी नंबर प्लेट, दहा वर्षांची मुदत. आमची गाडी २०२४ मध्ये या वयाला पोचली. पण अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. आई दर पंधरवड्याला याच गाडीतून अलिबागला औषधं आणायला जाते. व्हिंटेजची पाटी लागली की तिची गाडी तिच्याच दारात पाहुणी होणार.

म्हणून माझं मत मी घरात मांडलं आणि ते मान्य झालं. गाडी होडीच आहे. व्हिंटेजचा अर्ज नाही. सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, आत गंजरोधक प्रायमर द्यायचा आणि दुरुस्त केलेल्या खालच्या भागापुरता आकाशी रंग जुळवून मारायचा. वरचा फिका रंग फक्त पॉलिश करायचा. दोन्हींत थोडा फरक दिसेल, तो दिसू दे. टपाचा पोचा तसाच. डिकीच्या रबराखालचा क्रीम कुणी घासायचा नाही, ही बाबांची अट. काम पावसाळ्यात काढायचं नाही. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर हवा कोरडी होईल, तेव्हा गाडी मेस्त्रींकडे जाईल. तेवढे दिवस औषधं आणायला आईला एसटी आहे.